चूल, इंडक्शन आणि पहाटेची गाडी

जानेवारीत पाषाणचा पारा नऊ-दहा अंशांवर उतरला की पुणेकर कपाटातून कानटोपी काढतो. इलेक्ट्रिक गाडीवाला मात्र आधी गाडीची स्क्रीन बघतो. हीटर लावला आणि रेंजमधले, म्हणजे आहे त्या चार्जवर गाडी जाईल त्या अंतरातले, पंधरा-वीस किलोमीटर गेले! गाडी बिघडली की काय?

नाही हो. पेट्रोलची गाडी म्हणजे चूल. इंधनातली साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, त्यातलीच थोडी आत वळवली की झाला हीटर. चुलीवर भाकरी भाजता भाजता हात शेकून घ्यावेत तसं. इलेक्ट्रिक मोटर ही इंडक्शनची शेगडी. बहुतेक सगळी वीज कामाला लागते, शेकायला फारसं काही उरत नाही. मग ऊब वेगळी विकत घ्यायची, बॅटरीतून.

हिशेब सोपा आहे. साधा हीटर सुरुवातीला तीन किलोवॉट ओढतो असं धरलं तर पंधरा मिनिटांत पाऊण युनिट जातं. एका युनिटमध्ये सात किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे हे पाच किलोमीटर झाले. धायरीहून लांब हिंजवडीला जाणाऱ्याला ते जाणवणार नाहीत, कारण केबिन एकदा तापली की हीटरची भूक कमी होते. पण कोथरूडहून डेक्कनला तीन-चार किलोमीटर जाणाऱ्याच्या गाडीत चाकांपेक्षा हीटरच जास्त खातो. हीट पंप असेल तर गोष्ट वेगळी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे एका युनिटात दोन-तीन युनिटांची ऊब मिळते.

म्हणून निघायच्या आधी, चार्जरची वायर लावलेली असतानाच, अ‍ॅपवरून केबिन तापवावी. पंधरा अँपिअरच्या प्लगमधून साधारण तीन किलोवॉट मिळतात, म्हणजे हीटरपुरते. बॅटरीला हात लागत नाही. (सोसायटीने पार्किंगमध्ये प्लग घेऊ दिला असेल तर!) वायर न लावता तापवलं तर आराम मिळतो, बचत नाही.

बॅटरीचं दुखणं निराळं. थंडीत खोबरेल थिजतं, तसं तिच्यातलं द्रावण घट्टसर होतं आणि वीज वाहून नेणारे लिथियमचे कण (आयन) रेंगाळतात. शून्याखाली जोरात चार्ज केलं तर लिथियम बॅटरीतल्या ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्यावर धातू होऊन साचतं आणि क्षमता कायमची घटते. म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते किंवा आधी बॅटरी तापवते. नॉर्वेत २०२४ मध्ये दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. तिथे हे रोजचंच. पुण्यात त्याची काळजी नको, मनालीला निघालात तर करा.

इथे खरी गंमत टायरची आहे. तापमान पाच-सहा अंशांनी घसरलं की टायरमधल्या हवेचा दाब सुमारे एक पीएसआयने (हे दाबाचं माप) उतरतो. दुपारी तिशीत आणि पहाटे दहात असलेल्या पुण्यात हा फरक तीन-साडेतीन पीएसआय होतो. दुपारी, तेही गाडी पळवून आल्यावर, बरोबर भरलेली हवा सकाळी कमी पडते, चाकं जड होतात, आणि शिव्या बॅटरीला बसतात. हवा सकाळीच भरा, गाडी पळवायच्या आधी.