एक भिंत, ऐंशी मालक

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या दिजाँ शहराहून दक्षिणेला निघालं की अर्ध्या तासाच्या आत क्लो द वूजोची दगडी भिंत लागते. आत सव्वाशे एकर द्राक्षबाग आणि वरच्या अंगाला जुना वाडा. दुरून बघणाऱ्याला ही बाग एकाच मालकाची वाटावी, पण मालक आहेत ऐंशीच्या आसपास. सरासरी काढली तर एकेकाच्या वाट्याला दीड एकर. बाटलीवर बागेचं नाव एकच, बनवणारे वेगळे, किमतीही वेगळ्या. बर्गंडी बघायला आलेला नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. सातबारा बघत वाढलेल्या मराठी माणसाला मात्र हे प्रकरण लवकर उमजावं.

सुरुवात मठापासून. सितोचा मठ 1098 मध्ये स्थापन झाला. पुढच्या शतकात आसपासच्या जमीनदारांनी पुण्य जोडायला त्याला जमिनी दान दिल्या. मठवासी चिकाटीचे होते. कुठल्या तुकड्यातली वाइन कशी उतरते हे पिढ्यानपिढ्या बघत त्यांनी उतार ओळखीचा केला आणि 1336 पर्यंत वूजोच्या बागेभोवती भिंत पुरी केली. ते माती तोंडात घालून चाखायचे असं सांगतात. गोष्ट म्हणून छान आहे, तेवढंच. 1395 मध्ये बर्गंडीचा राज्यकर्ता ड्यूक फिलिपने गामे जातीचे द्राक्षवेल उपटून टाकायचा हुकूम काढला. वेल भरघोस पिकायचा, पण ड्यूकच्या लेखी तो ‘बेइमान’ होता. तांबड्या वाइनसाठी पिनो न्वार या द्राक्षजातीचं राज्य तिथून पक्कं होत गेलं.

मग राज्यक्रांती आली. चर्चच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि लिलावात निघाल्या. वूजोची बाग तरीही एकसंधच राहिली. ती फुटली 1889 मध्ये, सहा जणांनी विकत घेतली तेव्हा. सहाचे ऐंशी केले ते विक्रीने आणि वाटण्यांनी. 1804 च्या नेपोलियनच्या कायद्याने मुलगा असो की मुलगी, वारसांना सारखा हिस्सा मिळू लागला होता. तेव्हापासून बर्गंडीत बापाच्या बागेच्या ओळी मोजून वाटल्या जातात. त्यातही वरच्या उताराची ओळ आणि खाली रस्त्यालगतची, पाणी धरून ठेवणारी ओळ यांत फार फरक. कागदोपत्री मात्र दोन्ही ग्राँ क्रू, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या.

ज्या सरळ ओळींचे फोटो आपण काढतो, त्याही फार जुन्या नाहीत. पूर्वी इथे वेल दाटीवाटीने, वेडेवाकडे वाढायचे. फांदी मातीत दाबली की नवा वेल तयार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेहून आलेल्या फिलॉक्सेरा किडीने मुळं खाल्ली आणि अमेरिकन खुंटावर कलम करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. आधी त्याला बंदी होती. ती 1887 मध्ये उठली. कलमं लावायची तर ओळीत लावणं आलं. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे सांगायला नको, त्याच्याकडचा डॉगरिज खुंटही अमेरिकेचाच. फक्त तो आला पाण्याच्या ताणामुळे आणि जमिनीतल्या क्षारांमुळे.

प्रवाशाची बर्गंडी जन्मली ती मंदीत. 1930 च्या दशकात वाइन तळघरांत पडून होती, शिवाय दक्षिणेकडची स्वस्त वाइन मिसळून बर्गंडीच्या नावाने खपवली जायची. फसवणुकीवर 1935 च्या कायद्याने उगमस्थानाच्या नावांना संरक्षण दिलं. गिऱ्हाइकासाठी तोडगा गावकऱ्यांनीच काढला: कोणी विकत घेत नाही ना, मग बोलावून पाजू. 1934 मध्ये नुई-साँ-जॉर्ज गावी तास्तव्हँचं, म्हणजे वाइन चाखायच्या वाटीच्या नावाचं, मंडळ निघालं. झगे, टोप्या, मिरवणुका, जेवणावळी; परंपरा प्राचीन वाटावी इतका थाट, पण सगळा ठरवून उभा केलेला. दहा वर्षांनी वूजोचा वाडाही या मंडळाकडे आला. 1937 मध्ये दिजाँहून सांतनेपर्यंतचा ग्राँ क्रूंचा रस्ता आखला गेला. आजचा पर्यटक त्याच्याच पाट्या बघत गावोगाव हिंडतो.

गावांच्या नावांनी फसू नका. 1847 मध्ये जव्रे गावाने आपल्या शांबेर्तँ या नामांकित बागेचं नाव स्वतःला जोडून घेतलं. मग वोन झालं वोन-रोमाने, प्युलिन्यी झालं प्युलिन्यी-माँराशे. त्यामुळे जव्रे-शांबेर्तँ लिहिलेली बाटली गावची, नुसतं शांबेर्तँ लिहिलेली बागेची. दुकानात पैसे मोजण्याआधी तेवढं वाचावं.

अशा नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या तुकड्यांना इथे ‘क्लिमा’ म्हणतात. 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत असे 1247 क्लिमा गेले. त्यांतला सगळ्यात मिरवणारा रोमाने-काँती, जेमतेम साडेचार एकर, आणि हा मात्र एकाच मालकीचा. कडेला दगडी क्रूस आहे, बुटकी भिंत आहे, राखणदार दिसत नाही. भिंतीवर फक्त एक पाटी: तुम्ही इथे का येता ते आम्ही समजू शकतो, पण कृपा करून रस्त्यावरच थांबा, बागेत उतरू नका.