लॉगबुकचं अ‍ॅप आणि पार्टोग्राफचं अ‍ॅप: एक भरलं म्हणजे दुसरं झालं का?

पुण्यात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करणारी मुलगी लेबर रूमच्या पोस्टिंगला निघाली की पिशवीत केसबुक, म्हणजेच लॉगबुक, असतंच. आता हे काम फोनवर करायची अ‍ॅप आहेत, आणि पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते दाखवणारा आलेख, भरायचीही. दोन्हींत वय, कितवी खेप, वेळ असे रकाने सारखेच, त्यामुळे गल्लत होते.

लॉगबुक विद्यार्थिनीचं. किती तपासण्या केल्या, किती डिलिव्हरी पाहिल्या, किती स्वतः घेतल्या, हा हिशेब अभ्यासक्रमासाठी. सही ट्यूटर मॅडमची. रात्री हॉस्टेलवर बसून भरलं तरी चालतं. बाळंतिणीचं नाव तिथे लागत नाही आणि माझ्या मते नसावंच. केसपेपरचा फोटो अपलोड करायला सांगणारं अ‍ॅप तर सरळ काढून टाकावं.

पार्टोग्राफ त्या बाईचा. तिथे नाव आणि नोंदणी क्रमांक हवेच. गर्भपिशवीचं तोंड किती सेंटीमीटर उघडलं त्यासाठी फुली, डोकं किती उतरलं त्यासाठी गोल, बाळाच्या ठोक्यांसाठी ठिपका. ठोके आणि कळा दर अर्ध्या तासाला, पीव्ही (आतून तपासणी) साधारण ४ तासांनी. १० मिनिटांत जितक्या कळा तितके चौकोन भरायचे: कळ २० सेकंदांपेक्षा छोटी तर आत ठिपके, ४० पर्यंत तिरप्या रेघा, त्याहून लांब तर चौकोन पूर्ण काळा. आलेखावर दोन तिरप्या रेषा असतात: अलर्ट (सावध करणारी) रेषा तासाला १ सेंटीमीटरच्या वेगाने चढते, अ‍ॅक्शन (आता काहीतरी करा सांगणारी) रेषा तिच्या उजवीकडे ४ तासांवर. फुली अलर्ट रेषा ओलांडून उजवीकडे गेली की सिस्टरला, डॉक्टरांना हाक मारायची. म्हणजे त्याचा उपयोग बाळ होण्याआधी. सगळं उरकल्यावर भरलेला पार्टोग्राफ जाणत्या सिस्टर लगेच ओळखतात: फुल्या अलर्ट रेषेवर प्रार्थनेच्या रांगेसारख्या उभ्या!

म्हणून अ‍ॅप निवडताना वेळेची नोंद बघावी. ३ चे ठोके ६ वाजता टाकले तर पार्टोग्राफच्या अ‍ॅपमध्ये ते दिसलंच पाहिजे. चूक दुरुस्त केली तरी जुना आकडा राहिला पाहिजे, जसा कागदावर एका रेघेने खोडून शेजारी सही करतात तसा. लॉगबुकला एवढा काच नको.

आणखी एक घोळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये 'लेबर केअर गाइड' हा नवा तक्ता आणला. जुन्या पार्टोग्राफमध्ये तोंड ४ सेंटीमीटर उघडलं की सक्रिय प्रसूती सुरू, यात ५ ला. दोन्ही तिरप्या रेषा गेल्या, प्रत्येक सेंटीमीटरला वेगळी मुदत आली (५ ला ६ तास), शिवाय सोबतीला कुणी आहे का, बाई कुठल्या स्थितीत आहे, हेही लिहायचं. कॉलेजचं सरावाचं अ‍ॅप नवं आणि वॉर्डातला कागद जुना असेल, तर ४ सेंटीमीटरच्या बाईला एकाच्या हिशेबाने सुरुवात झालेली असते, दुसऱ्याच्या नाही. ड्यूटीवर वॉर्डातलाच कागद धरायचा. अ‍ॅपवरचा सराव नंतर, नाव न घालता.