टिंबर एरियातला बंब : पार्श्वभूमी

सांगलीच्या टिंबर एरियातल्या, म्हणजे लाकडाच्या वखारींच्या वस्तीतल्या, अग्निशमन केंद्राचा विषय निघाला की बोलणं गाड्या किती आणि माणसं किती यावरच संपतं. या गावाने आपल्या बंबाकडून वेळोवेळी काय काय मागितलं, हा धागा सुटून जातो. तो धरल्याशिवाय आजचे प्रश्न नीट कळत नाहीत.

संस्थानकाळ थोडक्यात सांगता येईल. १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळी झालेली सांगली कृष्णेच्या काठाने वाढली. गावभागातले वाडे सागवानी खांबांचे आणि तुळयांचे, बोळ अरुंद. अशा वस्तीत आग लागली की आधार विहिरीचा, घागरींचा आणि धावून येणाऱ्या शेजाऱ्यांचा. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झालं. पुढे व्यापार वाढत गेला : हळद, गूळ, शेंग, बारदान, लाकूड. वखारभाग हे नाव आजही त्याच व्यापाराची आठवण देतं. अलीकडे बेदाण्याची शीतगृहं आली आणि त्यांच्यासोबत थंडाव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अमोनियाच्या गळतीची धास्तीही.

लाकडाची आग मात्र या सगळ्यांत वेगळी. थप्पीला लागलेली आग वरून विझल्यासारखी दिसते, पण ओंडक्यांच्या फटींत आणि भुशाच्या ढिगाच्या पोटात धुमसत राहते. वारा सुटला की पुन्हा पेटते. थप्पी उलगडायची, ओंडके एकेक करून ओढायचे, भिजवायचे, असं रात्रभर चालतं. बंबाची टाकी साधारण ४,५०० लिटरची धरली आणि एक ब्रांच (होजच्या टोकाची पाणी फेकणारी नळी) मिनिटाला ४५० लिटर पाणी फेकते असं धरलं, तर टाकी दहा मिनिटांत रिकामी. दोन ब्रांच लावल्या तर पाच. त्यानंतर सगळं अवलंबून पाणी भरून आणायच्या फेऱ्यांवर. म्हणून वखारींच्या वस्तीतच बंब उभा असणं ही चैन नव्हे.

आता ‘बंब’ या शब्दाकडे यावं लागेल, कारण सगळा गुंता तिथेच आहे. सांगली-मिरजेकडच्या जुन्या घरांत बंब म्हणजे पाणी तापवायचा तांब्याचा बंब. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी. रस्त्यावरचा बंब म्हणजे आग विझवायची गाडी. एक जाळावर चालतो, दुसरा जाळ विझवतो, आणि नाव एकच. मूळ पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पंप. आगीशी या शब्दाचा मुळात काहीच संबंध नाही. तो पाणी ओढणाऱ्या आणि फेकणाऱ्या यंत्राचा शब्द आहे. सरकारी मराठीने पुढे ‘अग्निशमन’ आणला. त्यातही विझवण्याची क्रिया ती ‘अग्निशमन’ आणि विझवणारा तो ‘अग्निशामक’ हा भेद फलकांवर आणि बातम्यांत सर्रास पुसला जातो. जवान स्वतःला फायरमन म्हणवतात, लोक त्यांना बंबवाले म्हणतात. अलीकडे ठिकठिकाणच्या पाट्यांवर ‘अग्निशमन व आणीबाणी सेवा’ असं लांबलचक नाव दिसतं.

हा निव्वळ शब्दांचा काथ्याकूट नाही. खात्याचं नाव आगीवरून पडलं की भरती, साधनं, सराव, अंदाजपत्रक यांचा विचारही आगीपासून सुरू होतो आणि बऱ्याचदा तिथेच थांबतो. खात्याचा दिवससुद्धा आगीचाच : १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात धारातीर्थी पडलेल्या जवानांचं स्मरण. ते व्हायलाच हवं. पण सांगलीत वर्दी, म्हणजे मदतीसाठीचा निरोप, फक्त आगीची येत नाही. विहिरीत पडलेलं जनावर, रस्त्यावर आडवं झालेलं झाड, नदीत बुडालेला माणूस, या वर्द्याही त्याच टेलिफोनवर येतात आणि त्याच माणसांना जावं लागतं. ‘आणीबाणी’ हा शब्द पाटीवर चढला, पण त्याच्या बरोबरीने बोटी, दोर, लाइफ जॅकेट आणि पोहण्याचा नियमित सराव चढला का, हा खरा प्रश्न. माझ्या मते जुना ‘बंब’ हाच या गावापुरता जास्त खरा शब्द होता. त्यात पाणी मुख्य होतं.

९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून महापालिका झाली आणि हद्द सुमारे ११८ चौरस किलोमीटरवर गेली. शहरी भागात दर दहा चौरस किलोमीटरला एक केंद्र, असा एक रूढ निकष आहे. तो लावला तर इथे बारा केंद्रं हवीत. लोकसंख्येचा निकष म्हणजे तीन लाखांपर्यंत दर पन्नास हजारांना एक पंप, म्हणजे बंबाची एक गाडी, आणि पुढच्या प्रत्येक लाखाला आणखी एक. पाच लाखांच्या शहराला त्याने आठ पंप लागतात. बारा केंद्रं आजही नाहीत. एकत्रीकरणाने गावं कागदावर जवळ आली, सांगली-मिरज रस्ता काही आखूड झाला नाही.

२००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा राज्य कायदा ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. इमारतीतली यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आणि दर जानेवारी व जुलैत परवानाधारक एजन्सीचा दाखला बंधनकारक केला. तपासणी खासगी हातात गेल्याची टीका तेव्हापासून आहे. तिच्यात तथ्य आहे, कारण दाखला देणाऱ्याला पैसे मालकच मोजतो.

आणि मग नदी. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांवर गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांवर आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांवर. २०१९ साली गावभाग आणि मारुती चौक पाण्याखाली होते. बाहेरून पथकं आली, लष्कर आलं, पण कुठल्या बोळात बोट वळते आणि कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं आहेत, हे गावातल्याच माणसांना ठाऊक होतं. त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्यानंतर तरी बोट हे अग्निशमन केंद्राचं मूळ साधन मानायला हवं होतं.

उन्हाळ्यात पात्र खोल गेलं की काठावर उभ्या बंबाला नदी उपयोगी पडत नाही, कारण सक्शन होजने, म्हणजे पाणी ओढायच्या पाइपाने, पाणी वर ओढण्याची मर्यादा साधारण सात मीटर. पावसाळ्यात तीच नदी दाराशी येते. ती ओसरली की बंब पुन्हा गल्लीत शिरतो. तळघरांतलं पाणी उपसतो, गाळ धुऊन काढतो. वर्दीच्या नोंदवहीत त्या दिवशी आग एकही नसते.