बेड्यांतला आनंद : फिलिप्पै ते केडगाव

“प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.” ख्रिस्ती घरांत ही ओळ दिनदर्शिकेवर दिसते, लग्नपत्रिकेवर दिसते, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेले पाळकही प्रार्थनेआधी अनेकदा हीच वाचतात. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे फिलिप्पैकरांस, लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातली ही ओळ. ती लिहिली तेव्हा पौल अटकेत होता. निकाल काय लागेल हे त्याला ठाऊक नव्हते, आणि जीव जाण्याची शक्यता तो त्याच पत्रात उघडपणे बोलून दाखवतो. संकटातल्या आनंदाबद्दल ख्रिस्ती मंडळी जे सांगत आली, त्यातले बरेचसे या छोट्या पत्रापाशी येऊन मिळते. म्हणून ते कोणत्या गावाला आणि कोणत्या परिस्थितीत गेले हे नीट पाहायला हवे.

त्याची मुळे पौलाच्याही मागे जातात. इ.स.पू. ६०० च्या आसपास, बाबेलचे सैन्य यहूदाच्या उरावर येऊ घातले असताना, हबक्कूक संदेष्ट्याने एक प्रार्थना लिहिली : अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. शेतकऱ्याचे सारे जग या यादीत आले. दुष्काळ पाहिलेल्या मराठी वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. याच परंपरेत स्तोत्रसंहितेतले विलापही आहेत, “किती काळ, हे परमेश्वरा?” असे थेट देवालाच विचारणारे. उल्लास आणि विलाप एकाच पुस्तकात, एकाच उपासनेत शेजारी शेजारी गायले जात. प्रभू येशूनेही अटकेच्या रात्री शिष्यांना सांगितले, की तुमचा आनंद तुमच्यापासून कोणी हिरावून घेणार नाही; आणि त्यानंतर काही तासांतच गेथशेमाने बागेत तो व्याकूळ होऊन प्रार्थना करत होता. या दोन्ही गोष्टी एकाच रात्रीतल्या आहेत हे आपण फार लवकर विसरतो.

आता फिलिप्पै. मासेदोनियातले हे शहर सिकंदराच्या बापाने, दुसऱ्या फिलिपने, इ.स.पू. ३५६ मध्ये ताब्यात घेऊन त्याला आपले नाव दिले. जवळच्या डोंगरात सोन्याच्या खाणी होत्या. इ.स.पू. ४२ मध्ये इथल्याच मैदानावर ज्युलियस सीझरचे मारेकरी ब्रूटस आणि कॅसियस यांचा पराभव झाला, आणि पुढे निवृत्त रोमी सैनिकांना इथे जमिनी देऊन वसवले गेले. पौल पोहोचला तो इ.स. ५० च्या आगेमागे. तोवर हे शहर पक्के रोमी बाण्याचे झाले होते.

प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय इथली हकिगत सांगतो. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या स्त्रियांत लुदिया नावाची, थुवतीरा नगराची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई होती. तिने विश्वास ठेवला आणि आपले घर पौल व त्याच्या सोबत्यांसाठी उघडले. पुढे एका दासीमुळे प्रकरण चिघळले. तिच्या अंगातल्या दैवप्रश्न सांगणाऱ्या आत्म्याच्या जोरावर धनी पैसा कमावत होते. पौलाने तिला मोकळे केले आणि धन्यांची कमाई बुडाली. त्यांनी पौल आणि सीला यांना चव्हाट्यावर ओढत नेले. चौकशी न होताच छड्यांचा मार बसला, आतल्या कोठडीत रवानगी झाली आणि पाय खोड्यात अडकवले गेले. मध्यरात्री दोघे स्तोत्रे गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. मग भूकंप, उघडलेली दारे, आणि कैदी पळाले असे समजून स्वतःचा जीव घ्यायला निघालेला अधिकारी.

या गोष्टीत प्रवचनकार बहुधा भूकंपावर रेंगाळतात. मला त्यानंतरचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. त्या अधिकाऱ्याने रात्रीच्या त्याच घटकेला दोघांच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेऊन ताट वाढले, आणि देवावर विश्वास ठेवून घरच्या सर्वांसह आनंद केला. फिलिप्पै शहराच्या संदर्भात आनंदाचा उल्लेख पवित्र शास्त्रात पहिल्यांदा येतो तो असा : मार खाल्लेले दोघे, मार खाल्लेल्यांना कोंडणारा एक, आणि मध्ये जेवण.

पत्र आले ते यानंतर दहाएक वर्षांनी. परंपरेने ते रोमहून, इ.स. ६० ते ६२ च्या दरम्यान लिहिले गेले असे मानतात. काही अभ्यासक इफिस किंवा कैसरिया सुचवतात. ठिकाण कोणतेही असो, रोमी अटकेची रीत समजल्याशिवाय पत्र उलगडत नाही. त्या काळी कोठडी ही मुख्यतः शिक्षा नसे. खटला उभा राहीपर्यंत, निकाल लागेपर्यंत माणसाला धरून ठेवण्याची ती सोय होती. तिथे नीट खायला-ल्यायला घालण्याची जबाबदारी सरकार फारशी घेत नसे. नातेवाईक, मित्र यांनी आणून दिले तर मिळायचे. ज्याला कोणी नाही त्याचे हाल कुत्रा खात नसे.

फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाच्या हाती पौलाला मदत पाठवली. वाट कित्येक आठवड्यांची. एपफ्रदीत पौलाची सेवा करताना मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. तो बरा झाल्यावर त्याला परत पाठवताना सोबत दिलेले हे पत्र आहे. त्यात चार अध्याय आहेत, आणि आनंद, आनंद करणे, मिळून आनंद करणे असे शब्द मूळ ग्रीक मजकुरात सोळा वेळा येतात. एपफ्रदीत वाचला नसता तर मला दुःखावर दुःख झाले असते, असेही पौल त्यात मोकळेपणाने लिहितो. आनंद करा म्हणणाऱ्याच्या मनात दुःखाला जागा होती.

या मंडळीजवळ पैसा मुबलक होता असेही नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल मासेदोनियातल्या मंडळ्यांबद्दल सांगतो, की संकटाची कसोटी लागली असताना त्यांचा विपुल आनंद आणि पराकाष्ठेचे दारिद्र्य यांतून मोठे औदार्य ओसंडून वाहिले. हे वाक्य मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा थांबतो. आनंद आणि दारिद्र्य या दोन्हींची बेरीज औदार्य, असा हिशेब त्यात मांडला आहे. फिलिप्पैच्या पत्रातही पौल म्हणतो, तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगले केले. त्याने ज्याला आनंद म्हटले तो एकट्याने मनात साठवलेला नव्हता. दुसऱ्या अध्यायातले ख्रिस्ताचे स्तोत्रही, ज्यात तो देवाच्या रूपाचा असूनही स्वतःला रिकामे करून दास झाला, एकमेकांना आपल्याहून मोठे माना या विनंतीच्या पाठोपाठ येते. आणि “सर्वदा आनंद करा” ही ओळ? तिच्या अगदी जवळ, दोनच वचने आधी, युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना एकचित्त व्हा म्हणून केलेली विनवणी आहे. मंडळीतले भांडण मिटवणे आणि आनंद करणे पौलाच्या लेखी एकाच कामाचे भाग होते.

हीच मंडळी पुढे पुन्हा दिसते. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीस अंत्युखियाचा बिशप इग्नाती साखळदंडांत रोमला नेला जात असताना फिलिप्पैहून गेला, आणि त्या लोकांनी त्याला व इतर बंदिवानांना सांभाळून पुढची वाट दाखवली. स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याने त्यांना लिहिलेले पत्र टिकले आहे. बेड्या घातलेल्यांचे तुम्ही स्वागत केले याचा मला फार आनंद वाटतो, अशी त्याची सुरुवात आहे. पत्र घेऊन एपफ्रदीत परतला त्याला तेव्हा निदान चाळीस वर्षे होऊन गेली असतील. गाव तेच, आणि वागणेही तेच.

नंतरच्या शतकांत ही ओळ उपासनेच्या पंचांगात जाऊन बसली. कॅथलिक परंपरेत नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारची सुरुवात लॅटिनमध्ये याच शब्दांनी होते. तो काळ पूर्वी उपासाचा असे. त्याच्या मध्यावर हा एक दिवस आनंदाचा, म्हणून जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्र आणि गुलाबी मेणबत्ती. वसईत किंवा गोव्यात डिसेंबरात चर्चमध्ये गेलेल्यांनी ती पाहिली असेल.

या शिकवणीचा गैरवापरही झाला आहे, आणि तो आजही होतो. कोवळे मूल गमावलेल्या आईला “आनंद करा” असे वचन ऐकवणे, किंवा चेहरा उतरला म्हणजे विश्वास कमी पडला असे म्हणणे, हे पौलाला धरून नाही. रोमकरांस लिहिताना तोच सांगतो, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. ज्यांनी ताट नेले नाही, जखम धुतली नाही, त्यांनी नुसते वचन नेऊ नये असे मला मनापासून वाटते.

मराठीत या आनंदाचा सर्वांत मोठा पुरावा केडगावला उभा राहिला. पंडिता रमाबाईंच्या वाट्याला दुःख अगदी कोवळ्या वयात आले. तीर्थयात्रा करत फिरणारे त्यांचे कुटुंब दुष्काळात सापडले. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये वारला, पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये. पदरी तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपल्या साक्षीत त्या प्रामाणिकपणे लिहितात, की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता; तो गवसायला आणखी आठ वर्षे जावी लागली. गवसला तेव्हाही बाहेरची वाट सोपी झाली नाही. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि नंतर पुण्यात आलेले शारदा सदन, त्यांची विधवांसाठीची शाळा, १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात सापडले; रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे किडामुंगीसारखी मरत होती आणि मुली-विधवा वाईट हाती पडत होत्या. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. त्या हाडांच्या सापळ्यांत त्यांना आपलेच बालपण दिसले, हे त्यांच्या लिखाणातून स्पष्ट कळते. त्यांनी मुली आणायला सुरुवात केली. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे नव्या मुली ठेवणे अशक्य झाले, तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय करावी लागली. तीच पुढे मुक्ती ही त्यांची संस्था. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम, दुग्धालय, छापखाना उभा राहिला, आणि अंध मुलींना ब्रेल शिकवली जाऊ लागली.

जून १९०५ मध्ये मुक्तीत आध्यात्मिक जागृती झाली. मुली तासन्‌तास पापांबद्दल रडत प्रार्थना करत, आणि मग त्यांच्यातून आनंदाची गाणी उसळत. जगभरच्या ख्रिस्ती नियतकालिकांनी त्या दिवसांची वर्णने छापली. ती वर्णने वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : गाणाऱ्यांपैकी कितीतरी मुली काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला मरायला टाकलेल्या होत्या. त्यांच्यापर्यंत देवाचा आनंद आधी पेजेच्या वाटीतून पोहोचला, नंतर गाण्यातून.

याच वर्षांत नगरच्या बाजूला नारायण वामन टिळक मराठी मंडळीला तिच्या स्वतःच्या चालीवर गायला शिकवत होते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले; पतिपत्नींची जवळपास पाच वर्षे ताटातूट झाली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे टिळक म्हणत, आणि त्यांच्या भजनांत आनंद येतो तो अभंगाच्या वळणाने, डोळ्यांत पाणी घेऊन. त्यांची पदे आजही रविवारच्या उपासनेत गायली जातात. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. बालपणी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहून पूर्ण केले.

रमाबाई त्या वेळी इब्री (हिब्रू) आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्याच्या कामात गढल्या होत्या. खेड्यातल्या बाईला वाचता यावे हा त्यांचा हेतू होता, आणि खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या मुलीच करत. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. वय अवघे चाळीस. संस्थेची धुरा तिने घ्यायची होती. रमाबाईंना ऐकू फार कमी येत होते, प्रकृती खालावली होती. त्यांनी मुद्रिते तपासणे चालू ठेवले आणि शेवटच्या दिवसांत ते काम संपवले असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राची त्यातली पाने दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या हातांनी जुळवून छापलेली आहेत.