गव्हाणीत पडण्याआधीचा ऊस

युद्धोत्तर जपानमध्ये टोयोटाच्या ताइची ओनो यांनी घडवलेल्या लीन पद्धतीत, म्हणजे अपव्यय कमी करण्याच्या कार्यपद्धतीत, एक दोरी असते. गाडीत दोष दिसला की कामगार ती ओढतो. दोष तिथेच निस्तरला नाही, तर लाइन थांबते. साखर कारखान्यात ही दोरी जशीच्या तशी बसवता येत नाही. मिल थांबली की बॉयलरकडे इंधन म्हणून जाणारा ताजा बगॅस (उसाचा चोथा) थांबतो, तापलेला रस टाकीत रखडतो आणि त्यातली थोडी साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. ती काही पोत्यात येत नाही.

म्हणून लीन इथे निरुपयोगी, असं अनेकजण म्हणतात. रस तर पाइपातून अखंड वाहतोच, मग आणखी काय सुधारायचं? मला हे पटत नाही. अपव्यय पाइपात नसला तरी यार्डात, म्हणजे ऊस गाळपाची वाट पाहतो त्या आवारात, उभा असतो.

अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम साधा आहे: थांबलेला माल म्हणजे माल येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. रोज 5,000 टन गाळप असेल आणि ऊस यार्डात सरासरी 12 तास थांबत असेल, तर कायम 2,500 टन ऊस तिथे पडून आहे. तोडल्या क्षणापासून उसातली साखर घटू लागते. तोडलेल्या टोकांतून शिरलेले ल्युकोनोस्टॉक जिवाणू साखर खाऊन डेक्स्ट्रान बनवतात. हा चिकट पदार्थ रस गाळणं आणि पॅनमध्ये (पाक आटवण्याच्या भांड्यात) साखरेचा दाणा धरणं, दोन्ही अवघड करतो. शेवटी उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरतो.

तरीही यार्ड रिकामं ठेवा म्हणणं अन्यायाचं ठरेल. तोडणी मुख्यतः दिवसा होते, मिल रात्रभर चालते. 'नो केन'ची, म्हणजे ऊस संपून मिल थांबण्याची, भीती खरी आहे. पण रात्रीपुरता साठा वेगळा आणि तोडणीचा कार्यक्रम विस्कळीत असल्यामुळे लागलेली ट्रॅक्टरची रांग वेगळी. दुसरी कमी करता येते: टोळ्यांना तोडीच्या वेळा वाटून देऊन, आणि आधी तोडलेला ऊस आधी गव्हाणीत (मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर) टाकून.

मिलच्या आत मोलाची ठरते जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांची युक्ती: यंत्र बंद करण्याआधी जे करता येईल ते आधीच उरकून ठेवायचं. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर क्षार साचून थर धरतो. तो काढायला थांबावं लागणारच असेल, तर कॉस्टिकचं द्रावण, ब्रश, गॅस्केट आणि माणसं झडप बंद होण्याआधी जागेवर हवीत. जिथे जादा बॉडी (इव्हॅपोरेटरचं भांडं) आहे तिथे एकेक बॉडी आळीपाळीने साफ होते आणि गाळप चालूच राहतं.