मुंबईच्या दप्तरातले दोन मेयर

मुंबईच्या महापौरांच्या ज्या याद्या इंटरनेटवर फिरतात, त्यांत सर फिरोजशहा मेहतांचं नाव बरेचदा दिसतं. मेहता महापौर कधीच नव्हते. १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ असे चार वेळा ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या पदाला ‘मेयर’ हा किताब मिळाला १९३१ साली, आणि तो लावणारे पहिले गृहस्थ जे. बी. बोमन-बेहराम. ही चूक फारशी नडत नाही. खुर्ची तीच होती, पाटी बदलली एवढंच.

खरा घोटाळा होतो तो अभिलेखागारात. तिथल्या सूचीत ‘मेयर’ शोधलं की अठराव्या शतकातले कागद पुढ्यात येतात. वर त्यात ‘कॉर्पोरेशन’ हा शब्दही असतो, त्यामुळे आपली महापालिका पार पेशवाईच्या काळातली असावी असा समज सहज होतो. तो मेयर मात्र वेगळा. त्याने ना रस्ते बांधले, ना नळ आणले. तो न्यायाधीश होता.

१७२६ साली पहिल्या जॉर्ज राजाने सनद दिली आणि मद्रास, मुंबई, कलकत्ता या तिन्ही ठिकाणी मेयर्स कोर्टं निघाली. मुंबईचं कोर्ट १७२८ मध्ये सुरू झालं. एक मेयर आणि नऊ ऑल्डरमन (मेयरबरोबर न्यायाला बसणारे सभासद) मिळून हे कॉर्पोरेशन बनायचं. ऑल्डरमन तहहयात, आणि मेयर त्यांनी दरवर्षी आपल्यातूनच निवडायचा. मेयर धरून सात जण जन्माने ब्रिटिश प्रजाजन असलेच पाहिजेत, अशी अट. ही मंडळी बहुतेक ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर आणि व्यापारी. कायदा शिकलेला माणूस त्यांत शोधूनही मिळायचा नाही. काम दिवाणी दाव्यांचं: देणंघेणं, मालमत्ता, मृत्युपत्रं, वारसा. निकाल पटला नाही तर गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलकडे अपील, आणि रक्कम हजार पॅगोडांच्या (दक्षिणेतलं सोन्याचं नाणं) वर असेल तर थेट इंग्लंडच्या राजाकडे.

म्हणजे मतदार नाहीत, वॉर्ड नाहीत. मग याला स्थानिक राजकारण म्हणायचं का? माझं मत, अगदी बिनदिक्कत म्हणावं. १७३० सालचं एकच प्रकरण बघा. शिंपी जातीतली एक बाई रोमन कॅथलिक झाली. तिचा बारा वर्षांचा मुलगा तिला सोडून मुंबईतल्याच एका नातेवाइकाकडे जाऊन राहिला. बाईने त्या नातेवाइकावर मेयर्स कोर्टात फिर्याद ठोकली, आणि मुलाला आईच्या हवाली करा असा हुकूम कोर्टाने दिला. जातीचे पुढारी तडक गव्हर्नर कोवनकडे गेले. कौन्सिलने कोर्टाला बजावलं की नेटिव्हांच्या धर्माच्या आणि जातीच्या भानगडीत तुम्ही पडायचं नाही. कोर्टानेही ऐकून घेतलं नाही. आमचा अधिकार राजाच्या सनदेने आलेला आहे, असं त्याने उलट सुनावलं. खटला एका मुलाच्या ताब्याचा, पण भांडण तीन सत्तांचं: जात, कंपनी आणि राजाची सनद. त्या काळच्या मुंबईत कोणाचं चालतं, हे याहून उघडपणे दाखवणारा कागद क्वचित मिळेल.

कंपनीला हा उर्मटपणा मानवला नाही. १७५३ च्या नव्या सनदेने मेयर गव्हर्नरच्या मुठीत आला: कोर्टाने दोन नावं सुचवायची, त्यातलं एक गव्हर्नर-कौन्सिलने निवडायचं. नेटिव्हांचे आपसातले दावेही दोन्ही पक्ष राजी असतील तरच घ्यायचे. १७९८ मध्ये मेयर्स कोर्टाच्या जागी रेकॉर्डर्स कोर्ट आलं, रेकॉर्डर म्हणजे कायदा शिकलेला न्यायाधीश. गंमत म्हणजे त्यातही रेकॉर्डरच्या शेजारी मेयर आणि तीन ऑल्डरमन होतेच. १८२४ मध्ये मुंबईचं सुप्रीम कोर्ट सुरू झालं आणि हा मेयर कायमचा गेला.

त्याचे कागद दोन ठिकाणी पाहावे लागतात. काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्याचं पुराभिलेख खातं आहे, तिथे. आणि लंडनला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात, कारण कामकाजाच्या नकला कंपनीच्या विलायतेतल्या कचेरीकडे जात. सगळं इंग्रजीत. माणसांची नावं कारकुनाच्या कानाला ऐकू आली तशी उतरलेली. तेव्हा आडनावावरून शोधत बसू नका, जात, धंदा किंवा बापाचं नाव धरून जा.

आता दुसरा मेयर, म्हणजे आजच्या महापौरांचा पूर्वज. त्याची गोष्ट कोर्टात नाही, गटारं आणि बाजारात सुरू होते. १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. क्रॉफर्ड मार्केट त्यांचंच. कामं दांडगी, खर्च त्याहून दांडगा. करदाते खवळले आणि १८७२ चा कायदा आला, निम्मे सभासद करदात्यांनी निवडलेले. एक गोष्ट विसरली जाते: १८७१ च्या त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहतांनी कारभार एकाच जबाबदार कमिशनरच्या हाती असावा आणि सभेने त्याच्यावर नजर ठेवावी, अशीच बाजू मांडली होती. १८८८ च्या कायद्यात ती रचना पक्की झाली. कलम ६४ नुसार अंमलबजावणीचा अधिकार कमिशनरचा. अध्यक्षाने, पुढे महापौराने, सभा चालवायची आणि मतं समसमान पडली तर निर्णायक मत द्यायचं.

याचा परिणाम कागदांवर लख्ख दिसतो. महापालिकेचा वार्षिक प्रशासन अहवाल निघायचा तो कमिशनरचा. १८९६ च्या प्लेगवरचा मोठा अहवाल कमिशनर स्नो यांचा. आणि मार्च १८९७ मध्ये सरकारने जनरल गॅटेकर यांची प्लेग कमिटी बसवली तेव्हा तर अख्खी महापालिकाच बाजूला पडली. अध्यक्ष किंवा महापौर भेटतात ते सभेच्या इतिवृत्तांत: कोणी ठराव मांडला, कोणी हरकत घेतली, काय तहकूब झालं. या इतिवृत्तांत महापौरांची भाषणं मी तरी सरळ ओलांडून जातो. माल असतो तो हरकतींत आणि उपसूचनांत.

महापौरांच्या यादीवर विसंबलं तर काय निसटतं, त्याचं उदाहरण १९०७ ची निवडणूक. तेव्हा सभासद ७२ : वॉर्डांतून ३६, जस्टिसांनी (सरकारने नेमलेले ‘जस्टिस ऑफ द पीस’) निवडलेले १६, सरकारने नेमलेले १६, विद्यापीठ आणि चेंबर ऑफ कॉमर्सचे दोन-दोन. मेहतांना जस्टिसांच्या जागांवरच पाडायचं म्हणून महालेखापाल हॅरिसन, पोलीस कमिशनर गेल आणि ‘टाइम्स’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी सोळा नावांची यादी करून मतं गोळा केली. ‘कॉकस’ म्हणून गाजलेलं कारस्थान ते हेच. मेहता सतरावे आले. मग निवडून आलेल्या एकाची निवड बाद ठरली आणि मेहता आत गेले. शहराच्या राजकारणातली एवढी रंगलेली झुंज, आणि तिच्यात अध्यक्षाच्या खुर्चीचा संबंधच नाही.

अर्थात ती खुर्ची अगदीच शोभेची नव्हे. वारं कुठून कुठे वळलं, ते तिच्यावरून कळतं. १९३५ ला काँग्रेसचे के. एफ. नरिमन, १९४३ ला एके काळचे समाजवादी मिनू मसानी. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीने महापालिका जिंकल्यावर १९५८ ला मीरतच्या कम्युनिस्ट कटखटल्यातले एके काळचे आरोपी एस. एस. मिरजकर.

कागद हातात आल्यावर दोघांतला कुठला, हे सोबतच्या मंडळींवरून ओळखावं. शेजारी ऑल्डरमन, वकील आणि फिर्यादी असतील तर कोर्टाचा मेयर. कमिशनर, स्टँडिंग कमिटी आणि वॉर्ड असतील तर महापालिकेचा. आणि १८२४ ते १९३१ मधल्या कागदात नुसता ‘मेयर’ आला तर सावध व्हावं, कारण तेव्हा मुंबईत मेयर नव्हताच. तो लंडनचा असेल, किंवा १९२४ नंतरचा कागद असेल तर कलकत्त्याचा. तिथे चित्तरंजन दास १९२४ मध्येच महापौर झाले होते, आणि कारभाराची सूत्रं मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सुभाषबाबूंकडे होती. मद्रासचा हिशोब आणखी निराळा: तिथे मेयर १६८८ पासून, आणि त्याला कोर्टाबरोबर शहराचं कामही होतं.

मुंबईत महापौराकडे अंमलबजावणी आली ती १९९८ मध्ये, ‘मेयर-इन-कौन्सिल’च्या, म्हणजे महापौर आणि त्याच्या मंडळाने कारभार करण्याच्या पद्धतीच्या रूपाने. पुढच्याच वर्षी ती पद्धत मोडीत निघाली. त्या थोड्या महिन्यांच्या फायली मागवताना महापौरांच्या सहीचे कागद मुद्दाम वेगळे पाहावेत. उलट, मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ शहराला महापौरच नव्हता. आयुक्तच प्रशासक होते. त्या वर्षांतले निर्णय शोधायचे तर सभेच्या इतिवृत्तांत ते मिळायचे नाहीत, प्रशासकांचे ठराव मागवावे लागतील.