जुना टीव्ही प्लगला लावण्याआधी

नवतपा लागला की नागपुरात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहूनही वर. तिथे कैक उन्हाळे काढलेला जुना टीव्ही खाली उतरवला की घरात सगळ्यांना घाई होते ती प्लग लावून बघायची. कृपा करून तेवढं करू नका. बंद पडून असलेल्या सेटमध्ये आधी खराब होतो तो बहुधा पॉवर सप्लाय, म्हणजे घरातली वीज सेटला हवी तशी करून देणारा भाग, आणि थेट 230 व्होल्ट दिले तर तो सोबत आणखी चार भाग जाळतो.

दोष बहुतेकदा मेन फिल्टर कंडेन्सरचा असतो, म्हणजे वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणाऱ्या डबीचा. त्याच्या आत अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि भोवती ओलसर रसायन. उष्णतेने ते रसायन हळूहळू सुकतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. सेट वर्षानुवर्षं बंद राहिला की ऑक्साइडचा थरही कमकुवत होतो आणि त्यातून करंट गळू लागतो. डबीचं टोपण फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी डाग दिसला, तर मोजत बसू नका, बदला. नवा घेताना व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त आणि 85 ऐवजी 105 अंशांचा घ्या.

मग सिरीज बोर्ड. 100 वॅटचा तारेचा बल्ब सेटच्या फेज वायरमध्ये सिरीजमध्ये जोडायचा, म्हणजे सेटचा सगळा करंट बल्बमधूनच जाईल असा. इथे एलईडी चालत नाही. या बल्बची तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) जेमतेम 40 ओहम असतो, पूर्ण पेटल्यावर 529. म्हणजे सेट निरोगी असेल तर कंडेन्सर भरताना बल्ब लख्ख चमकतो आणि लगेच मंदावतो. आत शॉर्ट असेल तर तो पूर्ण प्रकाशात पेटून राहतो, आणि सेटमधून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट जातो. इतकं स्वस्त आणि प्रामाणिक उपकरण मला दुसरं माहीत नाही. रंगीत सेट असेल तर डीगॉसिंग कॉइल (सेट सुरू होताना पिक्चर ट्यूबमधलं नको ते चुंबकत्व घालवणारी) आधी काढून ठेवा, नाहीतर बल्ब उगाच चमकून फसवतो.

चित्र आलं, पण पडद्यावर आडवा काळसर पट्टा सावकाश सरकतोय? फिल्टर अजून अशक्त आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि पडदाही सेकंदाला 50 वेळा रंगवला जातो. एकच डायोड (एसीचं डीसी करणारा भाग) असलेल्या जुन्या सप्लायमध्ये रिपल, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार, तोही 50 हर्ट्झचा, म्हणून पट्टा एक. चार डायोडच्या ब्रिजमध्ये तो 100 हर्ट्झचा होतो, म्हणून पट्टे दोन. नुसते पट्टे मोजले तरी संशय कुठे घ्यायचा ते कळतं.

एक इशारा जिवाचा आहे. पुष्कळ जुन्या सेटची चेसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की तिच्यात फेज येतो. बल्ब यापासून वाचवत नाही, सेटला मेन्सपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वाचवतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये 325 व्होल्टपर्यंत साठा राहू शकतो. तो 2 किलोओहमच्या 10 वॅट रेझिस्टरमधून उतरवा आणि मीटरने खात्री करा. पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीला हात लावण्याचं काम जाणत्याचं.

शेवटी बल्ब काढून मुख्य डीसी व्होल्टेज सर्किट डायग्रामशी ताडून बघा. कमी भरलं तर चित्र दोन्ही कडांनी आकसतं. जास्त भरलं तर मात्र सेट तत्काळ बंद करा: त्याबरोबर पिक्चर ट्यूबचं हाय व्होल्टेजही वाढतं, आणि फार वाढलं तर ट्यूबमधून क्ष-किरण बाहेर पडू शकतात.